सिनेमाला पैसा कोण लावतं?

आमचं शहापूर म्हणजे भंडाऱ्याच्या अलीकडचं, नागपूर रस्त्यावरचं गाव. एस.टी.च्या खिडकीतून दिसतं न दिसतं तोच मागे पडतं. अशा गावातल्या माणसानं सिनेमाच्या अर्थकारणावर बोलावं, हे तुम्हाला जरा अतीच वाटेल. मलाही वाटलं असतं. पण हा विषय माझ्या ओसरीवर आपल्या पायांनी चालत आला, म्हणून बोलतो आहे.

दिवाळी झाली की आमच्याकडे मंडईचा हंगाम सुरू होतो. दिवसा मंडई, रात्री नाटक. अशाच एका मंडईच्या दुसऱ्या दिवशी एक मुलगा आला. लग्नाचं शूटिंग करतो, त्यासाठीचा कॅमेराही हप्त्यावर घेतलेला. म्हणाला, "चाचा, दोन गाणी लिहून द्या. सिनेमा काढतो."

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला आणि मराठीतच कविता लिहिणारा माणूस. गाण्यांचं मला कौतुक वाटलं. पण पूर्वी एका निर्मात्यानं माझ्याकडून चार गाणी लिहून घेतली होती आणि पैसे 'प्रदर्शनानंतर' म्हणून सांगितले होते. ते प्रदर्शन अजून व्हायचं आहे. म्हणून मी गाण्याच्या आधी विचारलं, "पैसा कुठून आणतोस?"

त्यानं पिशवीतून शंभर पानी वही काढली. डावीकडे नावं, उजवीकडे आकडे. सहा मित्र, प्रत्येकी दहा हजार. मामा, पन्नास हजार. एक सावकार, एक लाख, शेकडा तीन. त्याखाली 'आई – एकदाणी', समोर आकडा नाही, नुसती रेघ. आणि सगळ्यात खाली मोठ्या अक्षरात: 'शासनाचं अनुदान – ३० लाख'.

मी वही मिटली आणि चहा मागवला.

त्या वहीत आपल्या सिनेमाचा सगळा इतिहास होता, फक्त त्याला तो ठाऊक नव्हता. दादासाहेब फाळक्यांची वही याहून वेगळी नव्हती. १९११ साली गिरगावात त्यांनी ख्रिस्ताचा चित्रपट पाहिला, डोक्यात वेड शिरलं. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडनला गेले, यंत्रसामग्री ठरवून परत आले. तरी चित्रपट काढायला पैसा नव्हता. मग त्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वर येईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर रोप मिनिटभरात वाढताना दिसलं, तसा पैसेवाल्याला विश्वास आला आणि कर्ज मिळालं. तेही पुरलं नाही. मग सरस्वतीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशनमध्ये लागला. सत्यासाठी राज्य आणि बायको-मुलगा गमावणाऱ्या राजाची ती गोष्ट, आणि ती सांगायला घरातलं सोनं मोडलं.

आपण भाषणांत सांगतो, 'पत्नीनं दागिने दिले.' एवढं म्हणून पुढे जातो. पण सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रांधत होत्या, रात्री फिल्मला भोकं पाडत होत्या, रसायनं कालवत होत्या. १९१८ मध्ये मुंबईच्या धनिकांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, त्या भागीदारांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. फाळक्यांचं पुढे त्या भागीदारांशी पटलं नाही आणि काही काळ ते सगळं सोडून काशीला जाऊन बसले. पैसा लावणाऱ्याला हिशेब हवा होता, फाळक्यांना चित्रपट. हे भांडण तेव्हापासूनचं आहे.

कोल्हापुरातही तेच. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला सुरुवातीचा पैसा देणाऱ्यांत तानीबाई कागलकर होत्या, गायिका. १९२९ मध्ये 'प्रभात' निघाली तेव्हा शांताराम, दामले, धायबर आणि साहेबमामा फत्तेलाल यांच्याकडे हात होते, भांडवल नव्हतं. पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी हे सराफ. म्हणजे पुन्हा सोनंच. पण इथं एक फरक झाला. सराफानं कर्ज दिलं नाही, तो भागीदार झाला. चित्रपट पडला तर त्याचंही बुडणार होतं. आमच्याकडे व्याज वर्ज्य आणि नफ्या-तोट्यातली भागीदारी चालते, त्यामुळे ही गोष्ट मला जरा जास्त जवळची वाटत असेल. पण धंदा म्हणूनही बघा. व्याजावर पैसा देणारा 'लवकर संपव' म्हणतो. भागीदार 'नीट कर' म्हणतो. दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ साली केलेला 'संत तुकाराम' व्हेनिसपर्यंत गेला, तो ज्या कंपनीत झाला तिचा पाया असा होता.

आता हा रुपया फिरतो कसा, ते थोडं सांगतो. जुन्या पद्धतीत निर्माता सावकाराकडून पैसा घ्यायचा आणि चित्रपट अर्धा असतानाच तो वितरकांना विभागवार विकायचा. वितरक किमान हमीची रक्कम आगाऊ द्यायचा, त्यावर उरलेला चित्रपट पुरा व्हायचा. चित्रपट व्यापाराच्या नकाशावर आपला विदर्भ 'सी.पी. बेरार' या नावानं ओळखला जातो. तो प्रांत इतिहासजमा झाला, पण धंद्याच्या वह्यांत नाव राहिलं. अमरावतीला वितरकांच्या कचेऱ्या, भुसावळला त्यांची संघटना. आपण तिकिटाच्या खिडकीवर दिलेल्या पैशातून आधी सरकारचा कर, मग थिएटरवाला, मग वितरक, मग सावकाराचं व्याज, आणि काही उरलं तर निर्माता. कवी त्याच्याही मागे, हे आलंच.

म्हणजे सिनेमात पहिला रुपया घालणाऱ्याला शेवटचा रुपया मिळतो. मधली दोन-तीन वर्षं कळ काढायची ती त्यानं. ज्याच्याकडे थांबायला पैसा आहे तो थांबतो. ज्याच्याकडे नाही, त्याच्या घरातलं काहीतरी गहाण पडतं.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. इंग्रजांनी १९२७ साली एक चौकशी समिती नेमली होती, तिच्यापुढे फाळक्यांचीही साक्ष झाली. स्वातंत्र्यानंतर स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती बसली, शांतारामबापू तिचे सदस्य होते. १९५१ च्या अहवालात तिनं चित्रपटांना कर्ज देणारं सरकारी महामंडळ काढा, असं सांगितलं. ते निघालं १९६० साली, फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन. त्याच्या छोट्या कर्जातून १९६९ चा 'भुवन शोम' झाला आणि वेगळ्या सिनेमाची वाट मोकळी झाली. पण कर्ज मिळून झालेले बरेच चित्रपट थिएटरपर्यंत पोचलेच नाहीत, वसुली होईना, आणि १९७६ मध्ये संसदेच्या समितीनं महामंडळाचे कान उपटले. चित्रपट काढायला पैसा दिला, दाखवायला थिएटर दिलं नाही. विहीर खणून दोर न देण्यासारखं झालं. १९८० मध्ये ते महामंडळ एन.एफ.डी.सी.त विलीन झालं.

बँकांचं म्हणाल तर १९९८ पर्यंत सिनेमा हा सरकारदरबारी उद्योगच नव्हता. कारखान्याला कर्ज मिळे, चित्रपटाला नाही. मग काळा पैसा आला, मुंबईच्या गुन्हेगारी जगाचा आला. २००१ च्या सुरुवातीला 'चोरी चोरी चुपके चुपके'च्या प्रिंटच सरकारजमा झाल्या, तेव्हा सगळ्या देशाला ते कळलं. उद्योगाचा दर्जा मिळाल्यावर मोठ्या कंपन्यांना बँका उघडल्या. शंभर पानी वहीवाल्याला बँक अजूनही विचारते, तारण काय?

मराठीतल्या माणसांनी त्याचं उत्तर आपापल्या परीनं दिलं आहे. रामदास फुटाणे हे कवी. त्यांनी १९७५ साली 'सामना'ची निर्मिती केली, दिग्दर्शक जब्बार पटेल. कवी निर्माता होऊ शकतो, एवढ्याच कारणासाठी मी तो चित्रपट तीनदा पाहिला. 'श्वास' अरुण नलावडे आणि मित्रमंडळींनी पैसे जमवून काढला आणि २००४ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. पुढे तो ऑस्करला निघाला, तर अमेरिकेतल्या प्रचारासाठी शाळेतल्या पोरांनीसुद्धा वर्गणी गोळा केली. परेश मोकाशींनी फाळक्यांवर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' काढला, २००९ मध्ये, तो स्वतःचं घर गहाण ठेवून. शंभर वर्षांत गहाणवट दागिन्यांवरून घरावर आली. अधूनमधून २०१६ च्या 'सैराट'सारखा चित्रपट शंभर कोटींच्या आसपास कमावतो आणि प्रत्येक गावातल्या कॅमेरावाल्याला वाटतं, पुढचा नंबर आपला.

मालेगावचं उदाहरण मला याहून शहाणं वाटतं. यंत्रमागांच्या त्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' काढला. घोड्यांच्या जागी सायकली, नट गावातलेच. खर्च इतका कमी की गावातच वसूल व्हावा. तो गावात चाललाही. पुढे त्यांच्यावर माहितीपट आला, अलीकडे मोठ्या पडद्यावर चित्रपटही आला.

आणि खर्च आधी वसूल करणारी एक पद्धत तर आपल्या उंबरठ्यावर आहे. झाडीपट्टीचं नाटक घ्या. वडशाच्या नाट्यमंडळाशी गावातलं मंडळ करार करतं, विसार देतं. मंडप गावाचा, तिकीट गावाचं, तोटा आला तर तोही गावाचा. वाढलं तर देवळाला किंवा शाळेला. पडदा वर जाण्याआधी त्या रात्रीचा प्रयोग विकला गेलेला असतो. नटाला कुणाच्या आईचं सोनं गहाण टाकावं लागत नाही. अशा नाटकात आयुष्य घातलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांनी 'झाडीपट्टी म्हणजे नेमकं कुठे?' असं विचारलं. असो.

सिनेमात हे झालेलंच नाही असंही नाही. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाखांत श्याम बेनेगलांचा 'मंथन' झाला, १९७६ मध्ये. पटकथा तेंडुलकरांची, त्यात आपली स्मिता पाटील. पैसे देणारेच मग ट्रक भरभरून तो पाहायला गेले. निर्माताही तेच, प्रेक्षकही तेच. धान पिकवणाऱ्या आमच्या जिल्ह्यात असं काही का होऊ नये, हा प्रश्न मी अनेक सभांत विचारला आहे. टाळ्या मिळतात.

आता त्या तीस लाखांकडे येतो. महाराष्ट्रानं मराठी चित्रपटासाठी आधी करमणूक कर परत द्यायची योजना केली, नंतर थेट अनुदान आणलं. गेल्या दशकात 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख अशी रक्कम ठरली होती. चांगली गोष्ट आहे. पण हे पैसे मिळतात चित्रपट पुरा झाल्यावर. आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र, मग समिती चित्रपट पाहणार, दर्जा ठरवणार, मग रक्कम. तोवर सावकाराचं शेकडा तीन चालूच. म्हणजे ज्याला अनुदानाची गरज सुरुवातीला आहे, त्याच्या हाती ते शेवटी पडतं, आणि ज्याच्याकडे सुरुवातीचा पैसा आहे त्याला ते सोपं जातं.

आपल्या गावात घरकुल बांधतात, त्याचा पैसा कसा मिळतो? पाया झाला, फोटो काढला, हप्ता आला. भिंती वर आल्या, पुढचा हप्ता. छत पडल्यावर उरलेला. त्यातही घोळ होतात, मला माहीत आहे, पण गरिबाला घर पुरं बांधून मग ये असं कुणी सांगत नाही. सिनेमाच्या अनुदानातला एखादा भाग, निदान पहिल्यांदा चित्रपट काढणाऱ्यांसाठी, असाच टप्प्याटप्प्यानं द्यायला काय हरकत आहे? पटकथेला थोडा, चित्रीकरण झालं की थोडा. काही पैसे बुडतील. पण आज बुडतात ते सरकारचे नाहीत, कुणाच्या तरी मामाचे बुडतात.

हे सगळं त्या मुलाला चहा संपेपर्यंत सांगितलं. अनुदानाची ओळ त्यानं तिथंच खोडली. सावकाराची खोडायला मी लावली. मोठ्या चित्रपटाऐवजी वीस मिनिटांचा कर, मंडईत मंडप टाकून दाखव, दहा रुपये तिकीट लाव, मग पुढचं बघू, असंही म्हणालो. आणि जाता जाता आईची ओळही खोडून घेतली. फार मोठं पुण्य केल्यासारखं मला वाटलं.

दोन दिवसांनी त्याची आईच आली. ओसरीवर न बसता उभ्या उभ्या म्हणाली, "चाचा, तुमी माह्या नावाची ओर खोडाले लावली म्हनते."

मी म्हटलं, बाई, सोनं तुमचं आहे, ते कर्जात जायला नको.

"कर्जात कायले जाईन? त्यानं मांगितलं नाही, मीनंच सांगितलं लिव म्हनून. सोनं माहं हाय. मले भागीदार करा."

मला एकदम सरस्वतीबाई आठवल्या. दागिन्यांची गोष्ट शेकडो वेळा सांगितली, त्यांना भागीदार कुणी केलं नाही हे मी स्वतःच सांगत आलो, आणि इथं मीच एका बाईचं नाव खोडून मोकळा झालो होतो.

मुलाला बोलावलं. वहीत नवं पान काढलं. एकूण सोळा आणे धरले. सहा मित्रांचे सहा आणे, मामाचे तीन, मुलाचे तीन कॅमेऱ्यासह, आईचे तीन. उरला एक आणा, तो गाण्यांचा. बाईंनी सह्या करायला लावल्या, स्वतःही केली. एकदाणी अजून पेटीतच आहे. आधी वीस मिनिटांचा करायचा, लागलीच तर मोडायची, असं ठरलं आहे. मी एक गाणं लिहून दिलं आहे, दुसऱ्याचा अंतरा अडला आहे, आणि मुलगा रोज संध्याकाळी येऊन विचारतो, झालं का म्हणून.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)