आकाशातला काळा फत्तर



अकोल्याच्या शेजारी, बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. आपल्यापैकी पुष्कळजण तिथे जाऊन आले असतील. लवणासुराची कथाही आपण ऐकली आहे. जाणकारांनी तिथला खडक तपासला. फार पूर्वी आकाशातून एक प्रचंड दगड तिथे आदळला, असे त्यांना आढळले. त्याने जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला.

मग असे दगड आकाशात राहतात तरी कुठे?

खळ्यावरची जुनी मळणी आठवा. मधोमध मेढ असे. तिच्याभोवती बैल फिरत. आतल्या बैलाचा फेरा लहान, बाहेरच्याचा मोठा. सूर्य म्हणजे ती मेढ समजा. त्याच्याभोवती बुध, शुक्र, आपली पृथ्वी आणि मंगळ फिरतात. त्यांच्या बराच बाहेरून गुरू फिरतो. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या जागेत लाखो लहानमोठे दगड फिरत आहेत. त्यांना लघुग्रह म्हणतात.

त्यांतल्या एका मोठ्या लघुग्रहाचे नाव वेस्टा. जर्मनीतील ओल्बर्स नावाच्या डॉक्टरांनी १८०७ साली तो दुर्बिणीतून शोधला. पृथ्वी सूर्यापासून १५ कोटी किलोमीटर दूर आहे. वेस्टा सुमारे ३५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याची वाट थोडी लांबट आहे. म्हणून तो कधी सूर्याजवळ येतो, कधी लांब जातो. एका फेरीला त्याला ३ वर्षे साडेसात महिने लागतात. आपली कपाशी चारदा वेचून होते, तेव्हा कुठे त्याचे एक वर्ष भरते! दिवस मात्र लहान. स्वतःभोवती तो ५ तास २० मिनिटांत फिरतो.

वेस्टा सुमारे ५२५ किलोमीटर रुंद आहे. अकोल्याहून मुंबई रेल्वेने याहून थोडी लांब पडते. तिथे हवा नाही. ओढही फार कमी. आपले ४० किलो तुरीचे पोते तिथे हाताला किलोभरच वाटेल.

आता नवलाची गोष्ट ऐका. विहीर खणताना आपल्याला काळा फत्तर लागतो. वेस्टाची वरची साल त्याच जातीच्या खडकाची आहे! पोटातला तापलेला रस वर आला आणि थिजला. आपल्याकडे हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी घडले. तिथे सुमारे साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी घडले.

अमेरिकेचे 'डॉन' नावाचे यान २०११ साली वेस्टाजवळ पोहोचले. वर्षभर त्याने फोटो काढले. वेस्टाच्या तळाशी त्याला सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचा खड्डा दिसला. दुसरा दगड आदळून तो पडला. तेव्हा उडालेले काही तुकडे भटकत भटकत पृथ्वीवर येतात. राजस्थानातील पिपलिया कलान गावी १९९६ साली पडलेला दगड वेस्टाच्याच जातीचा निघाला.

आपल्या अमरावतीशेजारी काटोल आहे. तिथेही २२ मे २०१२ रोजी आकाशातून दगड पडले. ते दुसऱ्या एका लघुग्रहाचे होते.

मंडळी, असा दगड पडला म्हणजे देव कोपला, असे नाही. गावावर संकट येणार, असेही नाही. कोणी तसे सांगून कोंबडे-बकरे मागू लागला, तर देऊ नका. दगड धुऊ नका, फोडू नका. स्वच्छ कागदात गुंडाळा. कुठे पडला, किती वाजता पडला, ते लिहून ठेवा. तहसीलदारांना कळवा. आता आपल्याला लिहिता येते. ते इथे कामी येईल.