दौलताबादच्या शेजारी एक नवं काळं द्राक्ष
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



वाईनच्या द्राक्षावर बोलणार म्हटल्यावर मागच्या बाकांवरून शिट्टी आली. सर समोर बसलेत, म्हणून मी वेलीपासूनच सुरुवात करतो.

तुघलकाच्या राजधानीची गोष्ट आपण सहलीत किल्ला चढताना ऐकली. त्याच १४ व्या शतकात आलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवलंय की दौलताबादेत द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात. आजही आपण वेलीची छाटणी दोनदा करतो, एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरमध्ये गोडी; पीक मात्र एकदाच घेतो.

ज्याची ओळख करून द्यायची, त्या वाणाचं नाव एआरआय-५१६. नाव रुक्ष आहे, शास्त्रज्ञांना बारसं जमत नाही! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुजाता तेताली यांनी तो विकसित केला. अमेरिकन लाब्रुस्का कुळातलं कॅटॉबा आणि युरोपीय कुळातलं ब्युटी सीडलेस यांचा हा संकर. छाटणीनंतर ११० ते १२० दिवसांत तयार होतो; रस, जाम आणि लाल वाईनला चालतो. लाल वाईनचा रंग सालीतून येतो, म्हणून रस सालीसकट आंबवतात.

मला त्यात रस आहे तो रोगापायी. आमची थॉमसनची दोन एकर बाग गेल्या वर्षी आम्ही काढली. गोडी छाटणीनंतर पाऊस आला की केवडा. मग फवारणी, विरळणी, जीएचं डिपिंग, आणि मजुरी वेगळीच. लाब्रुस्काच्या रक्तामुळे हा वाण बुरशीला बऱ्यापैकी दाद देत नाही. रसाला मण्याचा आकार फुगवायचीही गरज नसते.

पण यात बी आहे. खाण्याच्या द्राक्षांत बीवाल्या मालाला जाधववाडीत कोण विचारणार? म्हणजे गिऱ्हाईक रस किंवा वाईन करणारा कारखानाच, आणि त्याने पाठ फिरवली तर माल वेलीवरच सुकणार. वाईनची मागणी पडल्यावर आपल्याच राज्यात बागा उपटल्या गेल्यात. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: आधी लेखी करार, मग रोपं. निव्वळ वाईनच्या भरवशावर तर नकोच. रसवालाही हाताशी हवा.

मांडव अजून उभा आहे. भाऊ म्हणतो, मोसंबी लाव. मी अर्ध्या एकरापुरता हट्ट धरलाय.

पुण्याहून रसाच्या चार बाटल्या आणल्यात, चहाच्या टेबलाशेजारी ठेवल्यात. पहिला पेला सरांना.