संथ डावाची गोडी

दूरचित्रवाणीवर स्नूकरचा सामना चालू आहे. खेळाडू टेबलाभोवती दोन फेऱ्या घालतो, वाकतो, पुन्हा उभा राहतो. अखेर त्याचा पांढरा चेंडू एका लाल चेंडूला जेमतेम चाटून जातो आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कडेशी येऊन थांबतो. पॉकेटमध्ये काहीच पडलेले नाही! घरातले कोणी तरी विचारते, "अहो, हा काय खेळ झाला?"

झाला तर! आणि चांगला झाला. कसा, ते पाहू.

स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीतला. त्याचा पहिला धडा असा की, एक जण खेळत असताना दुसऱ्याला खुर्चीत बसून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. एक सोपी संधी दिली, की पट्टीचा खेळाडू एका दमात सारा डाव घेऊन जातो. म्हणून स्वतः गुण मिळवणे जितके महत्त्वाचे, तितकेच समोरच्याला काही न देणे महत्त्वाचे. पांढरा चेंडू कडेला अगदी चिकटला, की त्याचा वरचा भागच तेवढा काठीला सापडतो. मग फटक्यावर ताबा कसा राहावा? आपण कॅरममध्ये सोंगटी अडवून ठेवतो ना, त्यातलाच हा प्रकार.

आपल्याला ही गोडी नवी नाही. १९६४ साली मद्रासच्या कसोटीत बापू नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध लागोपाठ २१ निर्धाव षटके टाकली. बळी एकही नाही. पण त्या गोलंदाजीचे नाव आपण अजून काढतो.

आता १९८५ सालचा जागतिक अंतिम सामना पहा. गाव शेफील्ड. स्टीव्ह डेव्हिसने पहिले आठही डाव जिंकले. तरी डेनिस टेलरने शेवटी १७-१७ अशी बरोबरी साधली. निकालाचा डाव ६८ मिनिटे चालला. डेव्हिस ६२, टेलर ४४, आणि टेबलावर तपकिरी, निळा, गुलाबी, काळा एवढेच चेंडू. त्यांचे गुण चार, पाच, सहा आणि सात, म्हणजे एकूण बावीस. टेलरला चारही हवे होते. त्याने तीन घेतले. मग काळ्यावर त्याचाही नेम चुकला, डेव्हिसचाही चुकला, आणि मध्यरात्र उलटल्यावर टेलरने तो घातला. साऱ्या सामन्यात तो पहिल्यांदा पुढे गेला, तो त्या क्षणी! ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक तेव्हा जागे राहून हे पाहत होते. संथ खेळ कंटाळवाणा असता, तर ते केव्हाच झोपले असते.

पण संथपणाला मर्यादा नाही काय? २००५ साली पीटर एबडनने रॉनी ओ'सलिव्हनविरुद्ध अवघ्या १२ गुणांसाठी पाच मिनिटांहून अधिक वेळ घेतला. आधी २-८ असा मागे पडलेला एबडन तो सामना १३-११ असा जिंकला. पुष्कळांना ते रुचले नाही. मुद्दाम वेळ काढणाऱ्याला पंच ताकीद देऊ शकतात, तरीही न ऐकल्यास डाव दुसऱ्याला देऊ शकतात. माझ्या मते कसोटी सोपी आहे: वेळ टेबलावरचे कोडे सोडवण्यात जातो, की समोरच्याची लय मोडण्यात? पहिले कौशल्य आहे. दुसरे नियमात बसले, तरी त्याने मन प्रसन्न होत नाही. मात्र दोहोंमधली रेघ पुसट असते, हेही मान्य केले पाहिजे.

तेव्हा पुढच्या वेळी चेंडू पॉकेटमध्ये पडतो की नाही, एवढेच पाहू नका. तीन गोष्टी पहा. पांढरा चेंडू कुठे थांबला? तिथून समोरच्याला काय दिसते? आणि टेबलावर गुण किती उरले? लाल चेंडू संपले, की सहा रंगांचे मिळून २७ गुण राहतात; पिछाडी त्याहून मोठी असेल, तर समोरच्याला चुकायला लावल्याशिवाय सुटका नाही. हा हिशेब मनात चालू ठेवा. मग त्या शांततेतही केवढी झुंज चालली आहे, ते तुमचे तुम्हालाच दिसू लागेल.