दक्षिणेकडचं ऊन

मंडळी, तुमच्या निमंत्रणाच्या पत्रात दोन प्रश्न होते. सौर ऊर्जेने इथलं गॅसचं बिल खरंच कमी होईल का, आणि पुण्यात गच्चीवर असतो तसा सोलर कॅल्गरीत चालेल का? दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे, ते आधी देतो. पुण्यात टाकी पॅनेलच्या वर असते, तापलेलं पाणी आपोआप वर चढतं, पंप लागत नाही. इथे तेच पाणी पहिल्याच कडक थंडीत गोठून नळ्या फोडेल. म्हणून नळ्यांतून ग्लायकॉल फिरवायचं, त्याला पंप आणि हीट एक्सचेंजर जोडायचा. आंघोळीच्या पाण्यापुरतं हे जमतं. घर तापवायचं म्हटलं की अडचण येते, कारण ज्या महिन्यांत उष्णता हवी, त्याच महिन्यांत तुमचा दिवस जेमतेम ८ तासांचा असतो.

या अडचणीवरचं सर्वांत धाडसी उत्तर तुमच्या शेजारी, ओकोटोक्सला उभं राहिलं. ड्रेक लँडिंग या वस्तीची ५२ घरं, गॅरेजांच्या छपरांवर मिळून सुमारे ८०० कलेक्टर, आणि जमिनीत ३५ मीटरहून खोल अशी १४४ भोकं. उन्हाळ्याची उष्णता जमिनीत भरायची आणि हिवाळ्यात काढायची. २००७ मध्ये योजना सुरू झाली. जमीन पुरेशी तापायला काही वर्षं गेली, पण २०१५-१६ च्या हिवाळ्यात घरं तापवण्याची सगळी गरज उन्हाने भागवली. पुढे यंत्रणा जुनी झाली, सुटे भाग मिळेनात आणि २०२४ मध्ये ती मोडीत काढायला सुरुवात झाली. मला याचं वाईट वाटतं. पण एकट्या घराला ही युक्ती परवडणारी नाही. एवढी उष्णता टिकवायला जमिनीचा मोठा गोळा तापवावा लागतो. लहान गोळ्यातली उष्णता कडेने निघून जाते.

एकट्या घराचं उत्तर त्याच्या ३० वर्षं आधी सस्कॅचवानातल्या रेजायनात मिळालं होतं. तिथल्या प्रांतिक सरकारला तिथल्याच हवेला साजेसं सौर घर हवं होतं. अभियंते हॅरॉल्ड ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला आणि ठरवलं की आधी घराची गळती थांबवायची. १९७७ मध्ये बांधलेल्या त्या घराच्या भिंतींत साधारण ३० सेंटिमीटर इन्सुलेशन होतं. तेव्हाच्या साध्या घरात ते ९ सेंटिमीटरच्या आसपास असे. फटी बारकाईने बुजवल्या होत्या आणि रात्री खिडक्यांवर झडपा पडत. छतावर महागडे सौर कलेक्टरही होते, पण घराला उष्णता इतकी कमी लागली की त्यांचं फारसं काम उरलं नाही. पुढे जर्मनीत जी ‘पॅसिव्ह हाउस’ची पद्धत आली, तिच्या पूर्वजांत या घराचं नाव घेतलं जातं.

(इथे एका ताईंनी विचारलं, “एवढ्या बंद घरात फोडणी दिली तर वास आठवडाभर राहील!”) ताई, रास्त प्रश्न. बंद घराला एचआरव्ही लागतोच. तो आतली शिळी हवा बाहेर टाकताना तिची उष्णता आत येणाऱ्या ताज्या हवेला देतो. पण शेगडीवरचा हूड त्याला जोडू नका, तेलाने तो तुंबेल. हूडची वाट वेगळी ठेवा, आणि फोडणी झाली की हूड लगेच बंद करा. उणे २५ मध्ये तो पंखा तापवलेली हवा बाहेर फेकत असतो आणि तितकीच गार हवा फटींतून आत येते.

आता जे मला मनापासून सलतं ते सांगतो. इथे आल्यापासून अनेकांच्या तोंडून ऐकलं, “घर छान होतं, पण दक्षिणमुखी म्हणून सोडलं.” श्रद्धेवर मी बोलत नाही. सूर्य कुठे असतो एवढंच बघू. पुण्यात मेच्या मध्यावर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि हिवाळ्यातही दक्षिण-पश्चिमेच्या भिंती संध्याकाळपर्यंत तापतात. तिथे त्या बाजूला मोठ्या खिडक्या नकोत, हे मलाही पटतं. पण कॅल्गरी ५१ अंशांवर आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या फक्त साडेपंधरा अंश वर, आणि तोही दक्षिणेलाच! दोन मीटर उंचीच्या काचेतून ते तिरपं ऊन सात मीटर आत पोचतं, बर्फावरून परावर्तित होतं ते वेगळंच. जूनमध्ये सूर्य ६२ अंशांवर जातो, तेव्हा छोटासा छज्जा तेच ऊन अडवतो. म्हणजे ज्या दिशेला तुम्ही पाठ फिरवता, तीच दिशा तुम्हाला हिवाळ्यात फुकट उष्णता देणार असते. दार हवं त्या दिशेला ठेवा, पण ज्या घराचं मागचं अंगण दक्षिणेला आहे ते जरूर बघा. बैठक मागे असेल, तर गावाहून आलेल्या आई-वडिलांना दुपारभर उन्हात बसता येईल. आणि डोंगर दिसावेत म्हणून पश्चिमेला भिंतभर काच लावाल, तर जुलैच्या संध्याकाळी घर भाजून निघेल.

काच घेतानाही विचारा. उष्णता बाहेर रोखणारी एकच काच साऱ्या घराला लावून देतात. दक्षिणेसाठी ट्रिपल-पेनच, पण ऊन आत सोडणारी, ‘सोलर हीट गेन’चा आकडा जास्त असलेली मागा. रात्री जाड पडदे ओढायचे, नाहीतर दिवसाची कमाई त्याच काचेतून बाहेर जाईल.

(प्रश्न: “घर घेऊन झालंय, दिशा बदलता येत नाही. आम्ही काय करायचं?”) आधी हवेची गळती दाखवणारी ब्लोअर डोअर चाचणी करून घ्या, फटी बुजवा, माळ्यावर इन्सुलेशन वाढवा. मग छतावर विजेचे पॅनेल आणि हीट पंप. पॅनेल उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा वीज करतं, पण सौम्य थंडीत हीट पंप एका युनिट विजेवर तीन युनिट उष्णता घरात आणतो. कडक थंडीत हा आकडा दोनच्याही खाली येऊ शकतो, म्हणून जुनी गॅसची भट्टी काढू नका. जूनची जास्तीची वीज ग्रिडला द्यायची आणि ती जमा हिवाळ्याच्या बिलात वापरायची.

ज्यांनी घराचे नकाशे आणलेत, त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे या. ज्या पानावर उत्तरेची खूण आहे ते वर ठेवा.