दहा सेकंदांची उडी

हल्ली कुणी घरी एखादा चित्रपट पाहिला आणि ‘कसा होता?’ असं आपण विचारलं, तर दोनच उत्तरं मिळतात. एक, ‘मस्त आहे, बघच.’ आणि दुसरं, ‘चांगला आहे, पण स्लो आहे.’ हे ‘पण स्लो आहे’ अशा सुरात म्हटलं जातं, की जणू भात छान झाला होता, पण दाताखाली खडा आला. गेल्या दोन-तीन महिन्यांत मी घरी बरेच चित्रपट पाहिले. एक तर जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीचा, काही अलीकडचे. त्यांतले जे मनात राहिले, ते नेमके हा शेरा मिळालेले निघाले. त्यांतल्या तिघांविषयी आज बोलायचं आहे.

घरी चित्रपट पाहणं तसं नवं नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं. पुढची काही वर्षं शनिवार-रविवारच्या चित्रपटाला, ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या घरी सगळी आळी जमायची. मग व्हिडिओचा जमाना आला. एका रात्रीसाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्यानं आणायच्या आणि पैसे वसूल झाले पाहिजेत म्हणून पहाटेपर्यंत डोळे ताणत बसायचं. कॅसेट पुढे पळवता यायची, पण ते कटकटीचं काम होतं. एकूण चित्रपट चालायचा तो त्याच्या चालीनं आणि आपण त्याच्या मागे. आता उलटं झालं आहे. रिमोटवर बोट टेकलं की चित्रपट दहा सेकंद पुढे उडी मारतो. माझा मुलगा या कलेत पारंगत आहे. माणूस जिना चढायला लागला की याची उडी. कुणी खिडकीबाहेर बघत बसलं की उडी. ‘काही घडतच नव्हतं गं,’ असं त्याचं म्हणणं.

काही चित्रपटांना या उड्यांनी काहीसुद्धा होत नाही, हेही खरं. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ घ्या. मुळात तो हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वर बेतलेला, पण आज मूळ चित्रपट फारसा कुणाला आठवत नाही आणि हा मात्र घराघरांत पाठ आहे. मधूनच लावा, भाजी निवडता निवडता पाहा, पाहुणे आले म्हणून अर्ध्यात बंद करा, तो आपला तसाच ताजा. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या वाक्यावाक्याला हशा आहे, त्यामुळे कुठूनही आत शिरलं तरी दार उघडंच. याला मी कमी लेखत नाही. घरी पाहण्यासाठी त्याच्याइतका सोयीचा चित्रपट मला दुसरा माहीत नाही.

पण ‘कुंकू’चं तसं नाही. प्रभातचा, व्ही. शांताराम यांचा हा १९३७ चा चित्रपट. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला. त्याच वर्षी तो ‘दुनिया न माने’ या नावानं हिंदीतही आला. नीरा नावाच्या तरुण मुलीचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या बिजवर वकिलाशी लावून दिलं जातं. त्या काळात याला ‘जरठ-कुमारी विवाह’ असं भारदस्त नाव होतं. नीरा त्या घरात राहते, पण त्याची बायको व्हायला ठाम नकार देते. नीरा झाली आहे शांता आपटे, आणि काकासाहेब केशवराव दाते. या शांता आपटेंनी पुढे १९३९ मध्ये प्रभातच्या दारात उपोषण केलं होतं. नीराच्या डोळ्यांतली धग पाहिली की त्याचं नवल वाटत नाही.

या चित्रपटाला पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. आपल्याला ऐकू येतात ते घरातले आवाज, आणि त्यात भिंतीवरचं घड्याळ. त्या घड्याळाची टकटक म्हणजे काकासाहेबांचं सरत चाललेलं वय. आता विचार करा, घड्याळाचीच टकटक जिथे गोष्ट सांगते आहे, तिथे ‘काही घडत नाही’ म्हणून उडी मारली तर हातात काय राहणार? आमच्याकडे तर आणखी पंचाईत. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, खाली रिक्षांचे हॉर्न, कुणाचा तरी मोबाइल. शेवटी गॅस बंद केला, खिडकी लावली आणि चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावला.

माझी आई आमच्याकडे असते. वय ब्याऐंशी. गेल्या दोन वर्षांत तिचं विसरणं वाढलं आहे. सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, आणि औषध घेतलं की नाही यावरून रोज वाद होतो. ती शेजारी बसून पाहत होती. नीरा काकासाहेबांना दाराबाहेर ठेवते असा एक शांत प्रसंग चालू होता. मुलाचं बोट रिमोटवर गेलेलं मी पाहिलं आणि त्याचा हात धरला. तेवढ्यात आई म्हणाली, ‘आमच्या ताईमावशीला असाच दिला होता. पंचेचाळीस वर्षांचा.’ ही ताईमावशी मला माहीत होती ती लाल आलवणातली एक म्हातारी म्हणून, दिवाळीला मुठीतून खडीसाखर देणारी. तिचं लग्न असं झालं होतं, हे मला या वयात पहिल्यांदा कळत होतं. मुलानं विचारलं, ‘मग आजी, ती नाही का म्हणाली नाही?’ आई पडद्याकडेच बघत होती. म्हणाली, ‘तिला विचारलं कुणी?’

त्यानंतर तिनं आणखी बरंच सांगितलं. मावशीच्या सावत्र मुली तिच्याहून वयानं मोठ्या होत्या, त्या तिला आई म्हणायला लाजायच्या, वगैरे. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं तर आईला यातलं काही सांगता येईना. तिला चित्रपटही आठवत नव्हता.

‘कुंकू’च्या शेवटाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. काकासाहेबांना आपली चूक उमगते, ते स्वतःला संपवतात आणि नीरा पुन्हा लग्नाला मोकळी व्हावी असं पत्र मागे ठेवतात. म्हणजे सगळा चित्रपट जिनं ‘नाही’ म्हणून तोलला, तिच्या पुढच्या आयुष्याचा निकाल पुन्हा म्हाताऱ्याच्या हातूनच लागतो. १९३७ च्या मानानं हे धाडसच होतं, मान्य. पण केशवराव दात्यांनी तो माणूस इतका जिवंत उभा केला आहे, की शेवटी आपली कणव त्याच्याकडे वळते आणि नीरा कोपऱ्यात उभी राहते. हे मला खटकलं. मुलाला उलट तो शेवटच सगळ्यांत आवडला. आमचं यावर अजून एकमत झालेलं नाही.

दुसरा चित्रपट, चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. २०१४ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगारानं आत्महत्या केली. आरोप वाचूनच आपण हसतो. पण न्यायालयात कुणी हसत नाही. तिथे तारीख पडते. मग पुढची तारीख, मग त्याच्या पुढची. वीरा साथीदार यांनी हा शाहीर केला होता, ते २०२१ मध्ये करोनानं गेले.

या चित्रपटात कॅमेरा लांब ठेवलेला असतो आणि बराच वेळ जागचा हलत नाही. मृत कामगाराची बायको साक्ष देते तो प्रसंग पाहा. नवरा गटारात उतरण्याआधी खडा टाकून बघायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा, हे ती अगदी सपाट आवाजात सांगते. संगीत नाही, चेहऱ्याजवळ जाणारा कॅमेरा नाही. आपण त्या बाकांवर बसल्यासारखे ऐकत राहतो. आणि सरकारी वकीलबाई! गीतांजली कुलकर्णींनी काय काम केलंय! जुनी कलमं धडाधड वाचून दाखवणारी ही बाई लोकलनं घरी येते, मुलाला बरोबर घेते, स्वयंपाक करते, वाढते. ती आपल्याच इमारतीतली कुणी वाटते, आणि भीती वाटते ती त्याचीच. ती दुष्ट असती तर आपण सुटलो असतो.

शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. माणसं निघून जातात, दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळा होतो. तो तसाच राहतो. आमच्या घरी सगळ्यांना वाटलं, वीज गेली किंवा इंटरनेट बंद पडलं. मुलगा उठून तारा तपासायला गेला. खरं तर चित्रपट चालूच होता, नारायण कांबळे मात्र तुरुंगात. थिएटरमध्ये तो अंधार आपल्याला गप्प बसवतो. घरी त्याची शंका येते. दिवाणखान्यातल्या टीव्हीची ही उणीव मी मान्य करते. त्यापुढचा प्रसंग सांगत नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहावा.

तिसरा, अविनाश अरुण यांचा ‘थ्री ऑफ अस’. भाषा हिंदी, पण गाव आपलं वेंगुर्ला. हा २०२३ मध्ये चित्रपटगृहांत आला आणि थोड्याच दिवसांत गेला. घरी मात्र लोक अजून शोधून पाहताहेत. शैलजाची, म्हणजे शेफाली शाह यांची, स्मृती हळूहळू जाऊ लागली आहे. सगळं पुसलं जाण्याआधी ती नवऱ्याला घेऊन लहानपणीच्या गावी जाते आणि शाळेतल्या मित्राला भेटते. तो मित्र, जयदीप अहलावत, बँकेत नोकरी करतो, भरतकाम करतो, कविता लिहितो. कवितांचं थोडं अती झालंय. पण नवऱ्याच्या भूमिकेतले स्वानंद किरकिरे पाहा. आपली बायको इथे येऊन उमलते आहे आणि त्या उमलण्यात आपला वाटा नाही, हे त्या माणसाला कळतं, आणि तो भांडत नाही. असा नवरा आपल्या पडद्यावर मी फार पाहिलेला नाही.

हा चित्रपट आईबरोबर पाहावा की नाही, यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा झाली. माझ्या मिस्टरांचं मत, कशाला उगीच. शेवटी लावला. ‘ही कुठे चाललीये?’ असं आईनं चारदा तरी विचारलं. आणि एक झालं. शैलजा जुन्या जागा शोधत हिंडते तिथे आई म्हणाली, ‘परत दाखव.’ मुलानं दहा सेकंद मागे नेलं. ‘अजून मागे.’ मग त्यानं तो सगळा भाग पुन्हा लावला, न सांगता, आणि उडी न मारता. ते बटण मागेही नेतं, हे आमच्या घरात तोवर कुणाला सुचलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ‘सामना’ लावायचा ठरला आहे. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांचं लेखन, समोरासमोर निळू फुले आणि श्रीराम लागू. मारुती कांबळेचं काय झालं, हा प्रश्न मास्तर कसा पुन्हा पुन्हा विचारत राहतात ते मुलाला दाखवायचं आहे. ‘किती वेळाचा आहे?’ असं त्यानं लगेच विचारलं. आईला मी तीनदा सांगितलं, निळू फुल्यांचा चित्रपट आहे म्हणून. तिन्ही वेळा ती एकच म्हणाली, ‘नको गं बाई, तो फार वाईट माणूस आहे.’