नऊ झाडं, आठ चवी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेलं भाषण)



गुहागरजवळ आमचं घर आहे आणि घरामागे चौदा गुंठ्यांचं परडं. या परड्यात आंब्याची नऊ झाडं आहेत. दोन रायवळ माझ्या आजेसासऱ्यांच्याही आधीपासूनचे. दोन हापूस आणि एक पायरी सासऱ्यांनी लावलेली. रत्ना, सिंधू आणि केसर ही तीन कलमं आम्ही दोघांनी लावली. नववं झाड मानकुरादचं. त्याचं कलम मी माझ्या माहेराहून, पेडण्याहून, एस.टी.त मांडीवर धरून आणलं. दोन हापूस एकाच झाडाची कलमं, म्हणून त्यांची चव एक धरते. ते तितकं सोपं नाही, पण त्याबद्दल पुढे सांगेन. रायवळ दोन असले तरी त्यांचं एकमेकांशी काही जुळत नाही. म्हणून झाडं नऊ आणि चवी आठ. गेली अठरा वर्षं मी या चवींची वही ठेवते आहे.

वही सुरू झाली एका वादातून. वैशाखात घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. आढीतले आंबे निघाले आणि कोणता आंबा चांगला यावर बोलणं आलं. थोरले भाऊजी म्हणाले, हापूस असताना दुसऱ्याचं नाव कशाला घ्यायचं? सासूबाई म्हणाल्या, विहिरीकडच्या रायवळाचा रस पी आणि मग बोल. दोघंही वर्षानुवर्षं हेच म्हणत आली होती. मग मी कलमी आंब्यांच्या फोडी केल्या, रायवळ आणि पायरीचा रस काढून वाट्यांत घातला, आणि प्रत्येक बशी-वाटीखाली आकड्याची चिठ्ठी ठेवली. नावं फक्त मला ठाऊक. सगळ्यांना डोळे मिटून खायला सांगितलं, आणि दोन चवींच्या मध्ये पाण्याची चूळ.

फोड म्हणून सगळ्यांत जास्त मतं हापूसला पडली. पण भाऊजींनी ज्या बशीला ठामपणे हापूस म्हटलं ती रत्नाची निघाली. रसात विहिरीकडचा रायवळ पहिला आला. मुलांनी केसर निवडला, कारण त्याचा वास कापायच्या आधीच नाकात शिरतो. सासूबाईंनी फोडींत जो आंबा पसंत केला, तो सुनेच्या माहेरचा मानकुराद आहे हे त्यांना चिठ्ठी उलटल्यावर कळलं. त्या दुपारी मला उमगलं की ‘कोणता आंबा चांगला’ हा प्रश्नच अर्धा आहे. कशासाठी चांगला, कुठल्या जमिनीत चांगला आणि किती वर्षं चांगला, एवढं विचारलं की तो पुरा होतो.

आता तुलना करायची तर सगळे आंबे आधी एका पायरीवर आणावे लागतात. एक कोवळा आणि एक पिकून गेलेला, असे दोन आंबे शेजारी ठेवून काही कळत नाही. आपल्याकडे आंबा चौदा आणे झाला की काढायचा, असं जुनी माणसं सांगतात. म्हणजे सोळा आण्यांना दोन आणे कमी. देठाजवळचे खांदे भरून वर येतात, देठाशी किंचित खळगा पडतो, सालीचा गडद हिरवा रंग फिकट होतो. शंका असेल तर बादलीभर पाण्यात सोडा. तयार आंबा तळाला जातो, कोवळा तरंगतो. काढताना झेल्यानं काढा आणि बोटभर देठ राहू द्या, म्हणजे चीक सालीवर ओघळून डाग पडत नाही. मग भाताच्या पेंढ्यात आढी घाला. आठ-दहा दिवसांत आंबा पिकतो, पण सगळ्या जाती एकाच दिवशी पिकत नाहीत. म्हणून प्रत्येक आंबा त्याच्या ऐन दिवशी चाखायचा. ज्या दिवशी वास भरून येतो आणि देठाजवळ अंगठ्याखाली गर किंचित दबतो, तो त्याचा दिवस. मी तो वहीत लिहिते, आणि त्यानंतर आंबा किती दिवस टिकला तेही लिहिते. पायरी इथं मागे पडते. ती पिकली की दोन दिवसांत संपवावी लागते. हापूस सावकाश खाता येतो.

मग तराजू. आधी अख्खा आंबा तोलते, नंतर त्याची साल आणि बाठा वेगळे तोलते. उरतो तो गर, आणि पोटात जातं ते तेवढंच. या रकान्यात सिंधूला कोणी हरवू शकत नाही. फळ हापूसपेक्षा लहान, पण बाठा इतका पातळ आणि चपटा की पहिल्यांदा कापणाऱ्याची सुरी न अडता आरपार जाईल असं वाटतं. रायवळात याच्या उलट. बाठा मोठा, गराला धागा, पण पिळला की वाटी भरते.

वहीत एक रकाना साक्याचा आहे. बाहेरून देखणा असलेला हापूस कापला की आत गराचा एक भाग पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट निघतो, त्याला आपण साका म्हणतो. आंबा झाडावर जास्त तयार होऊ दिला आणि खालची जमीन तापली की साका वाढतो. चौदा आण्यांचा नेम त्यासाठीही आहे. हापूसचा हा दोष आणि एक वर्ष फळ देऊन पुढच्या वर्षी विसावा घेण्याची त्याची सवय, या दोन्हींवर आपल्या कोकणातच काम झालं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना तयार झाला. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं १९८१ साली तो प्रसारित केला. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून १९९२ साली सिंधू आला. या दोघांत साका नाही. माझ्या वहीत अठरा वर्षांत त्यांच्या नावापुढे तो रकाना कोराच आहे. भाऊजींची चूक झाली होती ती म्हणून क्षम्य आहे. रत्नाच्या अंगात हापूसचं रक्त आहे.

आता त्या दोन हापूसबद्दल. एकाच मातृवृक्षाची कलमं, एकाच पावसाळ्यात लावलेली. त्यातलं एक कातळाच्या बाजूला आहे. तिथं माती वीतभर, खाली जांभा. दुसरं न्हाणीघराच्या पाण्याला. कातळावरच्याचं फळ लहान, रंगानं गर्द आणि गोडीला भारी. पण साका त्यातच निघतो, कारण दगड तापतो. पाण्याकडचं झाड नुसतं पालवत राहतं, मोहोर उशिरा येतो, फळ मोठं पण चवीला पातळ. जात एक, झाडाचं रक्त एक, आणि फळ दोन तऱ्हांचं. वहीत हे उतरल्यावर आम्ही न्हाणीचं पाणी पाऊस संपताच केळींकडे वळवलं आणि कातळाकडच्या झाडाखाली पालापाचोळ्याचा जाड थर पसरला. पुढच्या बहरांत दोन्हींत फरक पडला. हापूस असं नाव लिहून पेटी भरता येते, चव मात्र जमीन आणि पाणी यांच्यासकट येते.

एका वर्षावरून कुठल्याही झाडाला नाव ठेवू नका, हेही सांगितलं पाहिजे. वही सुरू होण्याआधी, केसरला पहिल्या दोन बहरांत मी नापास केलं होतं. झाड लहान होतं. पाचव्या बहरापासून त्याचा वास घरभर राहू लागला. निदान चार बहर पाहिल्याशिवाय मी आता वहीत मत लिहीत नाही, नुसत्या नोंदी लिहिते.

श्रोतेहो, बरेच जण विचारतात, अंगणात जागा थोडी, मग सगळे हापूसच का लावू नयेत? याचं उत्तर हापूसनंच दिलं आहे. हापूसच्या फुलाला हापूसच्याच परागानं फळ नीट धरत नाही. मोहोरावर माशा येतात, त्या दुसऱ्या जातीच्या झाडावरून पराग घेऊन आल्या की फळधारणा सुधारते. म्हणूनच हापूसच्या बागेत दहा टक्के झाडं इतर जातींची असावीत, अशी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. घराच्या परड्यात तर हे सहज जमतं. शेजारी पायरी, केसर, एखादा रायवळ असला की हापूसचंही भलं होतं. आणि आंबा एकाच पंधरवड्यात येऊन संपत नाही. आमच्याकडे मानकुराद आणि पायरी आधी, मग हापूस, मागाहून केसर आणि रत्ना, आणि पावसाच्या तोंडावर रायवळ. जागा दोन-तीन गुंठेच असेल तर झाडं पाच-पाच मीटरवर लावा आणि फळं उतरल्यावर दर वर्षी हलकी छाटणी करून ती हाताच्या आवाक्यात ठेवा.

आता रायवळाकडे येते, कारण मनातलं खरं बोलणं त्याच्याबद्दल आहे.

हापूसची कोय रुजवली तर हापूस उगवत नाही. आईचं झाड माहीत असतं, बापाचा पराग कुठल्या झाडावरून आला ते माहीत नसतं. म्हणून कोयीतून आलेलं प्रत्येक झाड, म्हणजेच रायवळ, नवं असतं. पुष्कळ आंबट निघतात, पुष्कळ धागेदार. पण त्यातलंच एखादं असं निघतं की खाणारा थांबतो. हापूस असाच कधीतरी एक झाड होता. गोव्यात पोर्तुगीजांच्या अमलात कलमं बांधण्याची कला वाढली, तिच्यामुळे ते एक झाड हजारो अंगणांत गेलं. आज जगात जिथं जिथं हापूस आहे, तो त्या एका झाडाचीच फांदी आहे. लखनौजवळ काकोरीच्या भागात दशेरी नावाचं गाव आहे, तिथं दशेरी आंब्याचं मूळ झाड अजून उभं आहे. केसर गिरनारच्या परिसरातला, त्याला हे नाव १९३४ साली जुनागडच्या नवाबांच्या बागेत मिळालं. कुणीतरी ही झाडं चाखली, त्यांचं वेगळेपण ओळखलं आणि काडी घेतली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

आमच्या वाडीत एक रायवळ होता, त्याला सगळे शेपू आंबा म्हणत, कारण त्याला शेपूच्या भाजीचा वास होता. कोयाडं करावं तर त्याचंच, असं बायका म्हणायच्या. एका उन्हाळ्यात तो पेट्यांच्या लाकडासाठी तोडला गेला. त्याचं कलम कुणीच बांधलेलं नव्हतं, मीही नाही. त्या वासाचा आंबा आता आमच्या वाडीत नाही.

त्या पावसाळ्यात मी कोय कलम शिकले. काम नाजूक आहे, अवघड नाही. जूनमध्ये रायवळाच्या कोयी वाफ्यात रुजत घालायच्या. रोप पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस असताना, ते चार बोटांवर छाटायचं आणि मधोमध चीर द्यायची. ज्या झाडाचं कलम हवं त्याची रोपाच्या जाडीची, तीन-चार महिन्यांची काडी घ्यायची. तिची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून काढून टाकलेली असावीत, म्हणजे डोळा फुगतो. काडीला पाचरीसारखा आकार देऊन ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. पिशवीत लावून सावलीत ठेवायचं. दोन-तीन आठवड्यांत काडी फुटते. सगळी जगत नाहीत, म्हणून एका झाडाची दहा-बारा बांधावीत. विहिरीकडच्या रायवळाची अशी कलमं आज वाडीतल्या पाच घरांत आहेत आणि त्यांतली दोन फळाला आली आहेत. रस तोच.

फणसाचंही असंच. गोड काप्याची आठळी पेरली आणि आठ वर्षांनी बरका निघाला, हे कोकणात घराघरांत घडलं आहे. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी. बी लावून सात-आठ वर्षं वाट पाहावी तेव्हा कळतं की हा नर आहे, याला फळ यायचं नाही. दोन्हींवर उपाय एकच, चाखलेल्या झाडाचं कलम.

अशी झाडं जपणाऱ्यांसाठी आपल्या देशात २००१ साली पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला. या कायद्यानं शेतकऱ्याला आपण जपलेल्या वाणाची आपल्या नावानं नोंदणी करता येते. पण नोंदणीसाठी झाड जिवंत असावं लागतं आणि त्याची नीट नोंद हाताशी असावी लागते. मोहोर कधी आला, फळं किती धरली, वजन किती, टिकली किती, चव कशी. शंभर पानी वही त्याला पुरते.

म्हणून श्रोतेहो, एवढीच विनंती. या उन्हाळ्यात आपल्या गावातला, आपल्या वाडीतला प्रत्येक जुना रायवळ एकदा डोळे मिटून चाखा. जो आवडेल त्याचं नाव, त्याची जागा आणि तारीख वहीत लिहा. आणि आषाढ संपायच्या आत त्याची काडी काढून निदान दहा कलमं बांधा. तोडलेल्या झाडाची काडी मिळत नाही.