ओळखीच्या वर्तुळापलीकडे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या यंत्रमाग कामगाराने मजुरीवाढीच्या लढ्याची हकीकत समाजमाध्यमावर लिहिली, तर ती बहुधा त्याच्या सहकाऱ्यांच्याच नजरेस पडते. ज्यांना ती ठाऊक आहे त्यांनाच ती पुन्हा कळते. शेजारच्या राज्यात त्याच धंद्यात राबणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. माध्यम जगभर पसरलेले आणि माणूस मात्र ओळखीच्या कुंपणात, असा हा अंतर्विरोध आहे.

कुंपणाबाहेरच्या संबंधांचे मोल अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिले. नोकरीची खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते. कारण जिवलगांचे जग आणि आपले जग बहुधा एकच असते.

मग कंपन्यांनी हे कुंपण मोडले नाही काय? वरवर पाहता मोडले आहे. ट्विटरने मार्च २०२३ मध्ये आपल्या शिफारसयंत्रणेची माहिती जाहीर केली. वापरकर्त्यापुढे येणाऱ्या मजकुरापैकी सरासरी निम्मा त्याच्या वर्तुळाबाहेरचा असतो, असे कंपनीनेच त्या वेळी सांगितले. परंतु बाहेरचे काय दाखवायचे हे कोण ठरवतो आणि कशासाठी, हा खरा प्रश्न आहे. माणूस पडद्याला जितका वेळ खिळून राहील, तितक्या जाहिराती विकल्या जातात. फेसबुकने २०१७ मध्ये संतापासह सर्व भावचिन्हांना साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिले होते, हे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या कागदपत्रांतून जगाला कळले. म्हणजे कुंपणाचे दार उघडले, पण किल्ली मालकाच्याच कनवटीला राहिली.

ही स्थिती अटळ मात्र नाही. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने, वापरकर्त्याच्या पाळतीवर न बेतलेला शिफारसीचा निदान एक पर्याय देणे अतिविशाल कंपन्यांवर बंधनकारक केले. २०१६ मध्ये ऑयगेन रोख्को यांनी सुरू केलेल्या मॅस्टोडॉनवर जाहिराती नाहीत आणि मजकूर काळाच्या क्रमाने येतो. तेथे व्यक्तीप्रमाणेच एखाद्या विषयाच्या हॅशटॅगचेही अनुसरण करता येते. नवागताला तेथे आरंभी ओसाड वाटते, ही त्याची उणीवही मान्य केली पाहिजे.

ती उणीव यंत्र नव्हे, माणसेच भरून काढू शकतात. विषयाला सर्वांनी एकच हॅशटॅग वापरावा. अनोळखी कष्टकऱ्याचे लेखन वाचून, पारखून पुढे पाठवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ते दुसऱ्या भाषेत न्यावे. कारण या देशात सर्वांत उंच कुंपण भाषेचे आहे. तमिळमधील गिरणी कामगाराची हकीकत मराठीत आली, तर दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात. अनोळखी माणसाच्या दुःखात स्वतःचे दुःख ओळखता येणे, येथूनच संघटनेचा आरंभ होतो.